शिळेवरचे साल

मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, राहात्याच्या आपल्या कुटुंबांत कबरीवरची अक्षरे पुसून स्वच्छ करण्याची लगबग असते. त्या अक्षरांतील सालाचे कुणाला भय वाटत नाही. पोलंडमध्ये मात्र एके काळी एक साल कोरणे हाच गुन्हा होता. आंजेय वायदा यांचा ‘कातिन’ (२००७) हा चित्रपट आम्ही पाहिला, तो त्या सालाची कथा म्हणून.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी एका पुलावर जर्मनांपासून पळणारे आणि रशियनांपासून पळणारे पोलिश लोक समोरासमोर येतात. देश दोन्हीकडून बुडाला, हे वायदा एवढ्या एका दृश्यात सांगून मोकळे होतात. पुढे १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांत वायदांचे वडीलही होते. १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनच्या कबरी उघड करताच मॉस्कोने आरोप त्यांच्यावरच उलटवला, आणि युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीने हे असत्य पोलंडचा अधिकृत इतिहास म्हणून चालवले. १९४१ म्हणावे तर मारेकरी जर्मन, १९४० म्हणावे तर रशियन! मॉस्कोची कबुली आली ती १९९० मध्ये.

म्हणूनच उत्तरार्ध आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. अग्नेश्का आपले केस विकून भावासाठी शिळा घडविते, तीवर १९४० कोरविते; ती शिळा फोडली जाते. तिची बहीण नव्या राजवटीत मुख्याध्यापिका आहे. पोलंड आता कधीच स्वतंत्र होणार नाही, असे तिने मनाशी ठरविले आहे. वायदा तिला खलनायिका करीत नाहीत. तिचे शहाणपण प्रेक्षकाला क्षणभर पटते, आणि तेच बोचते. पात्रांची गर्दी मात्र फार झाली आहे. कोण कुणाची पत्नी, हे उमगेपर्यंत दृश्य सरते. शेवटची हत्या, प्रभूची प्रार्थना पुटपुटणारे ते अधिकारी आणि नंतरचा काळा पडदा यांविषयी लिहिणे आम्हांला जमत नाही.

एक तक्रार उरते. मारलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना एप्रिल १९४० मध्ये कझाकस्तानात हाकलले गेले. तिकडे वायदांचा कॅमेरा ओझरतेच पाहतो. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांना, मुख्यत्वे स्त्रिया व मुलांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला. तेथे पोलिश शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. १९४८ मध्ये छावणी मिटली, तेव्हा साम्यवादी पोलंडला परतण्याऐवजी अनेकांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे परके देश निवडले. त्यांना परतायला देश उरला होता काय, हे वायदा विचारीत नाहीत.