सात गुणांची उडी

मंडळी, १४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. रिओ ऑलिम्पिक, महिलांच्या व्हॉल्टची अंतिम फेरी. आपल्याकडे अकरा वाजून गेलेले. इथे वाशीत आमच्या इमारतीत एरवी दहालाच सामसूम होते, पण त्या रात्री घराघरांतून टीव्हीचा आवाज येत होता. त्रिपुराची दीपा कर्माकर धावत आली, उडाली, उतरली. पदक हुकलं. तिला १५.०६६ गुण आणि चौथा क्रमांक. कांस्यपदक घेणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६. फरक जेमतेम दीड दशांश गुणाचा.

दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे एकच शब्द होता, ‘मृत्यूची उडी’. आज आम्हाला बोलायचं आहे ते या शब्दाबद्दल. हा शब्द उच्चारून आपण ती उडी पाहायचं टाळलं, असं आमचं म्हणणं आहे.

यात थोडा दोष आपल्या नजरेच्या सवयीचा. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावरच्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना थांबलेलं शरीर पाहायची सवय असते. मुलगी दोरीवर आसन घेते, क्षणभर स्थिर राहते, आपण दाद देतो. व्हॉल्टमध्ये असं थांबणं नाहीच. पंचवीस मीटरच्या आतली धाव, स्प्रिंगबोर्डवर पाय, टेबलावर हात, हवेत कोलांटी, गादीवर पाय. काही सेकंदांत सगळं संपतं. मग आपल्या हाती उरतं ते उतरणं, आणि पडली का नाही पडली एवढाच प्रश्न.

दीपाची ती उडी प्रोदुनोवा नावाची. येलेना प्रोदुनोवा या रशियन जिम्नॅस्टने ती १९९९ मध्ये केली. टेबलावर हात टेकून पुढच्या बाजूने सलग दोन कोलांट्या. पुढे फिरत उतरताना जमीन डोळ्यांना वेळेवर दिसत नाही. अंदाजाने पाय टाकायचे. रिओत या उडीची काठिण्याची किंमत ७.० होती. दीपाला सफाईचे ८.२६६ मिळाले, एकूण १५.२६६. ती उतरताना फार खाली बसली, तिथे गुण गेले. तिची दुसरी उडी १४.८६६ ची, आणि दोन्हींची सरासरी काढायची असते. म्हणजे पदक ‘मृत्यू’पाशी हुकलं नाही, ते सफाईच्या दशांशांत हुकलं. पण त्याबद्दल बोलायला शब्द लागतात, आणि ते आपल्यापाशी नव्हते.

आता हे ७.० कुठून आले? पूर्वी दहापैकी गुण असत. २००६ पासून काठिण्य आणि सफाई वेगळी मोजून त्यांची बेरीज करू लागले. काठिण्याचा आकडा नियम-पुस्तिकेत लिहिलेला असतो आणि तो समिती ठरवते. या आकड्यात दोन गोष्टी कायम मिसळलेल्या आहेत: उडीला किती कौशल्य लागतं, आणि ती चुकली तर काय होईल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, विद्यार्थी अशी गल्लत करू लागला की त्याला थांबवायचो. इथे ती गल्लत छापील आहे.

आणि ही उडी निवडली कोणी? इजिप्तची फदवा महमूद, डॉमिनिकन रिपब्लिकची यामिलेत पेन्या, त्रिपुराची दीपा. रिओत एक्केचाळीस वर्षांच्या ओक्साना चुसोवितिनानेही ती करून पाहिली, उझबेकिस्तानकडून. त्याच फेरीत सुवर्ण जिंकणाऱ्या सिमोन बाइल्सला तिची गरज पडली नाही. सफाई यायला चांगलं सभागृह, चांगल्या गाद्या आणि लहानपणापासूनची वर्षं लागतात. दीपाचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी सुरुवातीला जुन्या स्कूटरच्या भागांतून स्प्रिंगबोर्ड बनवला, हे आपण अभिमानाने सांगत फिरलो. लाज वाटावी अशी ती गोष्ट! ज्यांच्यापाशी ही साधनं नाहीत त्यांना ७.० हा आकडा म्हणजे मागचं दार होतं.

२०१७ पासून तो ६.४ झाला. यावर ओरड झाली की हा लहान देशांवर अन्याय आहे. आम्हीही तेव्हा त्या ओरडणाऱ्यांतच होतो, आज नाही. जे दार मान मोडण्याच्या जोखमीवर उघडतं, ते अरुंद केलं तर तक्रार कसली? तक्रार करायचीच तर पुढचं दार बंद असण्याची करावी.

जोखीम नेहमी मुलीच्याच खात्यावर जाते. १९८८ मध्ये जपानमधल्या स्पर्धेत सराव करताना अमेरिकेच्या जुलिसा गोमेझचा पाय स्प्रिंगबोर्डवरून निसटला. शरीर लुळं पडलं. १९९१ मध्ये ती गेली. बोर्डाभोवतीची यू आकाराची गादी त्यानंतर सक्तीची झाली. सिडनी २००० मध्ये तर घोडाच पाच सेंटिमीटर बुटका लावला होता. (तेव्हा टेबल नव्हतं, आडवा घोडा असे, टेबल २००१ ला आलं.) एकामागून एक मुली पडल्या, स्वेतलाना खोरकिनाही पडली. ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरने सांगितल्यावर मोजपट्टी आणली गेली. तोवर पडणाऱ्या मुलीने चूक स्वतःच्या अंगातच शोधायची! आणि २०२३ मध्ये अँटवर्पला बाइल्सने आपली नवी उडी मारली, तेव्हा सावरायला प्रशिक्षक गादीवर उभे होते, म्हणून तिचा अर्धा गुण कापला. सावरणाऱ्या हातांनाही नियम-पुस्तिकेत दर आहे, तोही वजाबाकीचा.

दीपाचं पुढे काय झालं, हे मधल्या चहाच्या वेळी इथल्या तीन-चार जणांना विचारलं. कोणालाच नीट सांगता आलं नाही. २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात एकवीस महिन्यांची बंदी आली. मे २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत ती पुन्हा व्हॉल्टला उभी राहिली, प्रोदुनोवा न करता. १३.५६६ गुण आणि सुवर्णपदक, या स्पर्धेतलं भारताचं पहिलं. ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. ताश्कंदच्या त्या दिवशी आमच्या इमारतीत कोणी टीव्ही लावला नव्हता. आम्हीही नाही.