दिवा, देव आणि दव: मराठी नोंदींची परसबाग

डिजिटल गार्डन करणाऱ्यांची एक खोड आहे. बागेतली पहिली नोंद बहुधा ‘ही बाग मी कशी बनवली’ याबद्दल असते आणि दुसरी ‘मी टूल का बदललं’ याबद्दल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हा छंदच जडलेला. त्यामुळे इथे फीचर्सची यादी देत नाही. मला एकच गोष्ट तपासायची आहे: नोंदी मराठीत असतील, तर ही टूल्स त्यांचं काय करतात?

कल्पना जुनीच आहे. मार्क बर्नस्टाईन यांनी १९९८ मध्ये ‘हायपरटेक्स्ट गार्डन्स’ लिहिलं. २०१५ मध्ये माईक कॉलफील्ड यांनी बाग आणि प्रवाह असा भेद मांडला. प्रवाह म्हणजे तुमचं इन्स्टा फीड: नवं येत राहतं, जुनं वाहून जातं. बागेत तारखेला फारसं महत्त्व नाही. एखादी नोंद तीन वर्षं अर्धवट पडून राहते, मग एखाद्या दुपारी तिला दोन ओळी फुटतात. नोंदी एकमेकींना लिंकने बांधलेल्या असतात. मला यासाठी ‘परसबाग’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. कुंपणावरून शेजाऱ्याला दिसते, पण पाहुण्यांना दाखवायला लावलेली नसते.

माझ्या परसबागेत आजीकडून ऐकलेले शेतीचे शब्द आहेत. मोट, धाव, पाट, वाफा, विहीर. प्रत्येकाची एक नोंद. आता ‘मोट’च्या नोंदीत मी लिहितो, ‘विहिरीतून पाणी वर आलं की ते पाटाने वाफ्यात जायचं.’ यात विहीर, पाट, वाफा हे तिन्ही शब्द आहेत, पण एकही मूळ रूपात नाही. इथे खरी गंमत सुरू होते.

ऑब्सिडियनसारखं टूल, नोंदीचं शीर्षक इतरत्र कुठे आलंय ते शोधून देतं, म्हणजे राहिलेल्या लिंक तुम्हाला जोडता येतात. इंग्रजीत हे छान चालतं, कारण ‘वेल’ हा शब्द वाक्यात कुठेही गेला तरी बहुतेक वेळा ‘वेल’च राहतो. मराठीत विभक्ती लागली की शब्द आतून बदलतो. विहीरचं विहिरीत, वाफाचं वाफ्यात, पाऊसचं पावसात, पुणेचं पुण्यात. टूल ‘विहीर’ शोधतं आणि सांगतं, काही सापडलं नाही. ‘ही टूल्स तुमच्या विचारांतले छुपे धागे दाखवतात’ अशी जी जाहिरात होते, ती मराठीपुरती अर्धीच खरी आहे. धागे असतात, टूल त्यांना ओळखत नाही. आणि ग्राफ व्ह्यू? ठिपक्यांचं ते जाळं स्क्रीनशॉटला झकास दिसतं. मला त्यातून आजवर एकही नोंद सुचलेली नाही.

उपाय साधा आहे: लिंक हाताने करायची. [[विहीर|विहिरीतून]] असं लिहिलं की उभ्या रेघेच्या डावीकडे नोंदीचं नाव आणि उजवीकडे वाक्यातलं रूप. कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक लिंकला ‘हे खरंच जोडायचंय का’ असा क्षणभर विचार करावा लागतो. त्या विचारामुळे माझ्या नोंदी सुधारल्या, हे कबूल करावं लागेल.

दुसरी अडचण जास्त वाईट, कारण ती गुपचूप होते. नोंदीच्या शीर्षकावरून वेबपत्ता बनवताना बरीच टूल्स ‘अक्षर नसलेलं’ सगळं गाळतात. युनिकोडच्या हिशेबात ‘द’ आणि ‘व’ ही अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांटी ही ‘चिन्हं’, म्हणजे वेगळा गट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त अक्षरांचा गट राखला, की ‘दिवा’चा पत्ता होतो ‘दव’. ‘देव’चाही ‘दव’. देवी, दैव, दावा, सगळ्यांचं दवच. काव्यात्म आहे, पण सहा नोंदींचं एकच पान उरतं आणि शेवटी लिहिली गेलेली फाइल आधीच्या पाचांवर बसते. काही टूल्स इशारा देतात, काही देत नाहीत. म्हणून टूल निवडण्याआधी या सहा नावांच्या सहा रिकाम्या नोंदी प्रकाशित करा आणि पानं मोजा. कुठल्याही तुलनात्मक तक्त्यापेक्षा या चाचणीवर माझा जास्त भरवसा आहे.

समजा, मात्रा टिकल्या. तरी ‘कविता’ ही पाच युनिकोड चिन्हं. लिंक कॉपी केली की बऱ्याचदा प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. एकूण ४५, सगळी टक्क्यांच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं. व्हॉट्सअॅपवर असली लिंक आली तर कोण उघडेल? मी शीर्षक मराठीत आणि फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवतो. तत्त्वाला मुरड घातली म्हणा हवं तर.

आता नावं घेऊनच टाकतो. नोशनवर प्रकाशित करणं सगळ्यात सोपं, पण नोंदी त्यांच्या डेटाबेसमध्ये असतात. बाहेर काढल्या की प्रत्येक फाइलच्या नावाला ३२ अक्षरी शेपूट. टिडलीविकी (२००४, जेरेमी रस्टन) मला मनापासून आवडतं. अख्खी बाग आणि तिची अवजारं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये! पण फोनच्या ब्राउझरमधून ती फाइल सेव्ह करणं म्हणजे खटपट. ऑब्सिडियनच्या नोंदी साध्या मार्कडाउन फाइल्स असतात, तुमच्याच डिस्कवर; त्यांची प्रकाशनसेवा मात्र दरमहा डॉलरमध्ये. क्वार्ट्झ फुकट आहे आणि चौकटी कंसातल्या लिंक त्याला कळतात, पण त्यासाठी नोड आणि टर्मिनल हवं. म्हणजे लॅपटॉप हवा.

या शेवटच्या अटीवर मी अडतो. मोट पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांचं ऐकून लिहू शकणारी त्यांची नातवंडं गावात आहेत आणि त्यांच्या हातात फक्त फोन आहे. त्यांना ‘आधी नोड इन्स्टॉल करा’ असं सांगणारी मार्गदर्शिका म्हणजे बागेला फाटकच नसणं. त्यातल्या त्यात चालण्याजोगा रस्ता गिटहब पेजेसचा. फोनच्या ब्राउझरमध्येच मार्कडाउन फाइल लिहायची. पानं तिथल्या सर्व्हरवर जेकिल बनवतो, खर्च शून्य. ग्राफ नाही, सुंदर थीम नाही, लिंक साध्या पद्धतीच्या. ‘वाफा’ची नोंद दोन ओळींची असली तरी ती आज रात्रीच, एसटीत बसल्याबसल्या टाकता येते.