पासवर्ड कॉलबॅक हँडलर : नमुना चालतो, पण दार बंद होतं का?

वेब सर्व्हिस सिक्युरिटीवर काम सुरू केलंत की पहिल्याच आठवड्यात पासवर्ड कॉलबॅक हँडलर भेटतो. नेटवरचा दहा-पंधरा ओळींचा नमुना तुम्ही उचलता, यूजरनेम टोकन पाठवता, उत्तर येतं आणि तुम्ही पुढे सरकता. मीही तेच केलं होतं. आज टीका त्या नमुन्यावरच.

आधी हँडलरचं काम बघू. अपाची सीएक्सएफच्या मागे डब्ल्यूएसएस४जे ही लायब्ररी असते. ती हँडलरला यूजरचं नाव देऊन विचारते, 'याचा पासवर्ड काय?' पण समोरून साधा पासवर्ड आला, तर तो जुळवायचा कोणी? घोळ इथेच आहे. १.५ आवृत्तीत ते काम हँडलरचं होतं. जुळलं नाही तर त्यानेच एक्सेप्शन फेकायचं. २०११ मध्ये आलेल्या १.६ पासून जुळवणी व्हॅलिडेटर करतो. आलेला पासवर्ड हँडलरला दिसतसुद्धा नाही.

विरारच्या एखाद्या सोसायटीचं गेट डोळ्यांपुढे आणा. पूर्वी पाहुण्याची खात्री वॉचमन करायचा. मग नियम बदलला : वॉचमनने फक्त रजिस्टर द्यायचं, खात्री सेक्रेटरी करणार. आता नव्या नियमाचा वॉचमन जुन्या गेटवर उभा करा. रजिस्टर उघडं, बघणारं कोणी नाही, कोणीही आत! १.६ चा नमुना १.५ वर चिकटवला की नेमकं हेच होतं : कुठलाही साधा पासवर्ड चालतो. उलट केलंत तर निदान एरर येते, चूक लक्षात येते.

दुसरी टीका डायजेस्टवर. नॉन्स, वेळ आणि पासवर्ड जोडून एसएचए-१ काढायचा, म्हणजे सर्व्हरलाही तोच पासवर्ड माहीत हवा. मग डेटाबेसात सॉल्ट लावलेला हॅशच असेल, तर हँडलर देणार काय? 'डायजेस्ट म्हणजे जास्त सुरक्षित' हे वाक्य थिसिसमध्ये लिहिण्याआधी थांबा. टीएलएसवरून साधा पासवर्ड पाठवून स्वतःच्या व्हॅलिडेटरमध्ये हॅश तपासणं अनेकदा बरं पडतं.

नमुने लिहिणाऱ्यांचा दोष एवढाच, की ते आवृत्ती सांगत नाहीत आणि बरोबर पासवर्डनेच चाचणी घेतात. तुम्ही दोन्ही चुका टाळा. आवृत्ती नोंदवा. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड पाठवा. तो नाकारला गेला, तरच तुमच्या प्रयोगाला निष्कर्ष म्हणा.