रेणूतील शिखरे आणि खिंडी

सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांत, अन्यत्र शिकवितात त्याचप्रमाणे, प्रभारांची स्थितिज ऊर्जा जोड्यांच्या बेरजेने शिकविली जाते: दोन प्रभारांचा गुणाकार, भागिले अंतर, प्रत्येक जोडी एकदाच धरावयाची. पाण्याच्या रेणूत अशा जोड्या तीन. संगणकी गणितांत रूढ असलेल्या एका प्रतिमानाप्रमाणे ऑक्सिजनवर −०.८३४ व प्रत्येक हायड्रोजनवर +०.४१७ एकक प्रभार मानला, तर आकर्षणाचे दर मोलला सुमारे −१०१० आणि दोन हायड्रोजनांमधील प्रतिकर्षणाचे +१६० मिळून −८५० किलोजूल होतात. विद्यार्थी उत्तराखाली दोन रेघा ओढतो व कृतार्थ होतो. परंतु ही संख्या म्हणजे बंध तोडण्याची ऊर्जा नव्हे. मानलेले प्रभार बदलले की तीही बदलते. शिवाय रेणूतील ऋण प्रभार बिंदूंत साठलेला नसून ढगासारखा पसरलेला असतो, ही गोष्ट सदर बेरीज मुकाट्याने गिळून टाकते.

म्हणूनच श्रीधर गद्रे व आर. एन. शिरसाट यांच्या ‘इलेक्ट्रोस्टॅटिक्स ऑफ ॲटम्स अँड मॉलिक्यूल्स’ (हैदराबाद, २०००) या ग्रंथाचा विषय आम्हांस मोलाचा वाटतो. एक एकक धन प्रभार रेणूभोवती अमुक ठिकाणी ठेवला असता त्याची ऊर्जा किती होईल, हे सांगणारे ते विभव. (शब्द मोठा ऐश्वर्यवान खरा!) त्याचे चढउतार म्हणजे एक भूगोलच होय. पुणे विद्यापीठात गद्रे व राजीव पाठक यांनी १९९० साली सिद्ध केले की, या भूगोलात अणुकेंद्रकांखेरीज कोठेही शिखर असू शकत नाही. कारण केंद्रकांबाहेर केवळ ऋण प्रभारच असतो. दऱ्या व खिंडी मात्र असू शकतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या पाठीशी दोन खोलगट जागा असून त्यांच्यामध्ये एक खिंड आहे. शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढला जातो तो तिकडेच. जोड्यांच्या बेरजेत यातले काहीही दिसत नाही.

आमची तक्रार ग्रंथकारांशी नाही, अध्यापकांशी आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सांगलीस पोहोचते ती उंचीच्या फरकामुळे, हे येथील मुलास ठाऊक असते. खंबाटकी ओलांडणाऱ्यास खिंड म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. मग ‘सॅडल पॉइंट’ म्हणून घोड्याचे खोगीर त्याच्यापुढे कशाला टाकावे? उपमा सर्वांशी लागू पडत नाही, हे खरे. डोंगराच्या नकाशाला दोनच दिशा, रेणूला तीन. त्यामुळे तेथे खिंडींचेही दोन प्रकार होतात. पण तेवढा भेद फळ्यावर दाखविण्यास एक तास पुरे, आणि तीन जोड्यांची बेरीज त्यानंतर खुशाल करावी.