वाचून घेणारे आणि वाचणारे

मोबाईलच्या पडद्यावर शहरातला स्वयंसेवक, इकडे वस्तीतले मूल आणि मध्ये एक गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा वाचनाचा हा प्रकार वाढला आणि आमच्या खानदेशातही आला. त्याकडे समाजसेवा म्हणून पाहिले जाते. मी त्याकडे साहित्यव्यवहार म्हणून पाहतो. कोण वाचतो, कोण ऐकतो आणि चूक कोण ठरवतो, हे प्रश्न इथेही सुटलेले नाहीत.

प्रथम श्रेय द्यावे. ज्याच्या आज्याला शाळेच्या पडवीत बसून अक्षरे गिरवावी लागली, त्याचे अडखळते वाचन कोणी अर्धा तास ऐकून घेते, ही गोष्ट लहान नाही. पुस्तकाची अडचणही कमी झाली आहे. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, नवी गोष्टही लिहिता येते. पण घरात मोबाईल एकच. तो बापाबरोबर कामावर जातो. म्हणून वाचन रात्री, आणि रिचार्ज संपला की गोष्ट अर्धीच.

धुळे तालुक्यातल्या एका वस्तीत मी अशा वाचनाला बसलो होतो. गोष्टीतली आई ऑफिसात जाणारी. ताईंनी विचारले, “तुझी आई आज कुठं गेली होती?” मुलगी उत्साहाने म्हणाली, “मनी माय कापूस येचाले जायेल व्हती.” “असं नाही, नीट सांग. माझी आई कापूस वेचायला गेली होती.” मुलीने ते वाक्य बिनचूक म्हटले. त्यानंतर ती आपणहून एक शब्द बोलली नाही.

ताईंचा हेतू वाईट नव्हता. प्रमाण मराठी आमच्या मुलांना आलीच पाहिजे. परीक्षा आणि नोकरी तिच्याशिवाय नाही. पण प्रमाण मराठी शिकवणे वेगळे आणि ‘माय’ पुसून तिथे ‘आई’ लिहिणे वेगळे. स्पर्शाचा विटाळ कायद्याने गेला. शब्दाचा विटाळ अजून शुद्धलेखनाच्या नावाने पाळला जातो.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी लिहून घेतली, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शेतकरी घरातल्या त्या बोलीला लिहून घेणारे लाभले. गावकुसाबाहेरच्या बोलीला आपले लिहिणारे आपल्यातूनच उभे करावे लागले. दया पवारांचे ‘बलुतं’ आले ते १९७८ मध्ये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटे उलटी करावीत. मुलाने आपल्या बोलीत सांगावे, स्वयंसेवकाने एकही शब्द न बदलता लिहून घ्यावे, आणि पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून तेच वाचावे. त्या दिवशी अडखळण्याची पाळी ताईंची असेल आणि चूक ती मुलगी दाखवील.