झगा आणि ग्रंथ

२०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. धर्मगुरू म्हणून काहींनी त्यांच्या निवडीस विरोध केला. धर्मगुरू म्हणूनच आपणही हर्षभरित झालो. वाचकहो, दोन्ही पक्षांनी झगा पाहिला, ग्रंथ मिटलेलाच राहिला!

त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. परंतु पुरस्कार म्हणजे रसिकाचा निवाडा नव्हे. संत नामदेवांची नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील साखऱ्याच्या, अभंग ऐकत वाढलेल्या शेतकऱ्याला पेरणाऱ्याचा दाखला या अनुवादात आपल्याच बोलीतला वाटतो काय? खरी कसोटी हीच. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर स्टीफन्स यांनी ओवी निवडली, तीही श्रोत्याचा कान ओळखूनच.

फादर दिब्रिटो २०२४ साली प्रभुघरी गेले. आता त्यांचे ग्रंथ घराघरांत उघडावेत. भाषा कोठे प्रवाही आहे आणि कोठे अडखळते, यावर प्रेमाने, परंतु निर्भीडपणे वाद घालावा. न वाचता केलेल्या गौरवापेक्षा वाचून घेतलेला आक्षेप लेखकाचा अधिक सन्मान करतो.