'कंटेजन' आणि नाशिक रोडचा फलाट : साथपटातील अनुपस्थित श्रमिक

स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शित 'कंटेजन' हा चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला आणि २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जगभर पुन्हा पाहिला गेला. तेव्हा त्याची चर्चा प्रामुख्याने भविष्य अचूक वर्तविणारा चित्रपट म्हणून झाली. वटवाघळाकडून डुकराकडे व तेथून माणसाकडे आलेला विषाणू, स्पर्शाची भीती, अफवा, लशीची प्रतीक्षा ही साम्ये नाकारता येणार नाहीत. मात्र साम्यांच्या अशा यादीने कलाकृतीचे मूल्यमापन पुरे होत नाही. या चित्रपटाने विषाणू नेमका ओळखला. साथीत भरडला जाणारा श्रमिक मात्र त्याच्या चौकटीत जवळजवळ आलाच नाही. नाशिक रोड परिसरात जे घडले त्याच्याशी ताडून पाहता ही उणीव ठळक होते.

चित्रपटाची शास्त्रीय बाजू भक्कम आहे. पटकथाकार स्कॉट बर्न्स यांना विषाणूतज्ज्ञ इयान लिपकिन यांचे मार्गदर्शन लाभले आणि कथेतील विषाणू निपाह विषाणूच्या धर्तीवर कल्पिला गेला. एक रुग्ण किती जणांना बाधित करतो, हे डॉ. मिअर्स फळ्यावर लिहून समजावतात, तो प्रसंग वर्गात दाखवावा इतका स्वच्छ आहे. तथापि कथेतील रुग्ण झपाट्याने कोसळतो, म्हणून तो ओळखू येतो. कोरोनाचा प्रसार लक्षणे नसलेल्यांकडूनही होत होता; साहजिकच संशय व्यक्तीवरून समूहावर गेला आणि रस्त्याने चालणारा प्रत्येक अनोळखी माणूस संशयित ठरला.

चित्रपटातील मिच एम्हॉफ मुलीला घेऊन मोटारीने राज्याची सीमा ओलांडू पाहतो. सैनिक अडवितात, तो घरी परततो. हा प्रसंग थोडक्यात आटोपतो, कारण परतण्यासाठी त्याच्यापाशी घर आहे. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेल्या मजुरांना नाशिक जिल्ह्यात अडविण्यात आले, तेव्हा त्यांना माघारी धाडायचे कोठे, हाच प्रश्न होता. काम सुटताच शहरातील आसराही सुटलेला, आणि गाव शेकडो किलोमीटर दूर. निवारागृहांतील दीर्घ मुक्कामानंतर १ मे २०२० च्या रात्री नाशिक रोड स्थानकातून त्यांना घेऊन श्रमिक विशेष गाडी भोपाळकडे रवाना झाली. तीत तीनशेहून अधिक प्रवासी होते. पाठोपाठ लखनौची गाडी सुटली. नेमक्या कामगार दिनी ती पहिली गाडी सुटावी, हा योगायोग पटकथेत कृत्रिमच वाटला असता!

परंतु गाड्या सुरू झाल्या म्हणून पायपीट थांबली नाही. ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून लोहमार्गाने चालत निघालेले आणि करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांना विषाणूने मारले नाही, तरी ते साथीचेच बळी होत. 'कंटेजन'मधील मृतांच्या हिशेबात अशा मृत्यूसाठी रकाना नाही.

व्यवस्थेच्या अपुरेपणाकडे दिग्दर्शकाचे अजिबात लक्ष नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजारी डॉ. मिअर्सना आणण्यासाठी ठरलेले विमान एका लोकप्रतिनिधीसाठी वळविले जाते, हा तपशील बोचरा आहे. तरीही तेथे माणूस अखेर रोगानेच मरतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. रोग आणि मृत्यू यांच्या मध्ये एक नळी, एक टाकी, एक यंत्रणा उभी असते, ही जाणीव 'कंटेजन'च्या कथनात नाही.

या संदर्भात जयू व नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) हा मराठी चित्रपट आठवतो. पुण्यातील प्लेग, घरझडत्या, रँडची हत्या हा त्याचा विषय. तेथे रोगापेक्षा रोगनिवारणाच्या नावाने घरात शिरणारी सत्ता केंद्रस्थानी आहे. प्लेगचा रुग्ण मात्र बाजूला पडतो आणि कथानक चापेकर बंधूंच्या सूडाकडे वळते. त्याच १८९७ सालचा साथरोग कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये लागू करण्यात आला, हे ध्यानात घेता सोडरबर्गपेक्षा पटवर्धनांचा प्रश्न येथील प्रेक्षकाला अधिक जवळचा ठरतो.

'कंटेजन'मध्ये लशीचा क्रम जन्मतारखांच्या सोडतीने ठरतो. सफाई कामगार रॉजर हा या चित्रपटातील अपवादात्मक श्रमिक. पण त्याच्या मुलाला लस मिळते ती डॉ. चीव्हर आपली मात्रा देतात म्हणून. त्याचे कष्ट पडद्यावर औदार्याचे निमित्त होऊन येतात. सोडत निदान आंधळी तरी असते. भारतात मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा सुरुवातीला संगणकीय नोंदणी अनिवार्य होती. इंटरनेटची जोड हाताशी नसलेल्या मजुराला त्या रांगेत उभे राहण्यासाठीही दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल मागावा लागत होता.